कुंदाला, मिलानहून

मिलान, ३ नोव्हेंबर

प्रिय कुंदा,

अगं, तुला फोटो पाठवणार होते. चार काढले आणि चारही पुसून टाकले. फोटोत नुसता एक लाल वाडगा दिसतो. म्हणून हे पत्र.

इथे नाव्हिल्यो ग्रांदे नावाचा कालवा आहे. महिन्यातल्या शेवटच्या रविवारी त्याच्या काठाने जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. पितळी दिवे आणि बंद पडलेली घड्याळं यांच्यामध्ये हा ठेवला होता. दिसायला ओंजळीएवढा, पण उचलायला गेले आणि हात खालीच आला. घरी वजन केलं तर पावणेदोन किलो! तळाशी काच चांगली दोन बोटं जाड आहे. आत गर्द लाल, त्याभोवती मधासारखा पिवळा थर, आणि सगळ्यांत बाहेर पाण्यासारखी नितळ काच. जोड कुठेच नाही. काठाशी काच पातळ होते तिथे लाल रंग पेरूच्या गरासारखा गुलाबी दिसतो, आणि खाली उतरावं तसा कोकमाच्या आगळासारखा दाट होत जातो. लाल तोच गं, फक्त जाडी बदलते. सकाळी खिडकीत ठेवला की टेबलावर त्याची लाल-पिवळी सावली पडते. ती सरकत सरकत भिंतीपर्यंत जाते, आणि मी चहा निवेपर्यंत बघत बसते.

या कामाला सोमेर्सो म्हणतात, म्हणजे बुडवलेलं. फुंकायच्या नळीच्या टोकावरचा रंगीत काचेचा गोळा दुसऱ्या रंगाच्या वितळलेल्या काचेत बुडवायचा, वर काढायचा, पुन्हा बुडवायचा. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर १९३०च्या दशकात हे सुरू झालं. पुढे १९५०च्या सुमारास फ्लाव्हिओ पोली या कलाकाराने त्याला साधे, भारदस्त आकार दिले. माझ्या वाडग्यावर सही नाही, कागदी लेबल असलंच तर कधीच निघून गेलंय. कोणाच्या हातचा हे कळणार नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पोटात मोहरीएवढा एक बुडबुडा आहे, किंचित लांबट, एका बाजूला ओढला गेलेला. नळी कुठल्या अंगाला फिरत होती ते त्याच्यावरून दिसतं. मला तो सहीपेक्षा प्यारा आहे.

मे महिन्यात आम्ही मुरानोला जाऊन आलो. आगीच्या भीतीने १२९१ साली व्हेनिसने आपल्या काचेच्या भट्ट्या तिकडे हलवल्या, त्या आजही पेटत्या आहेत. उस्ताद बाकावर बसला होता. बाकाच्या दोन लांब दांड्यांवर नळी आडवी टाकून तो ती लाटण्यासारखी सारखी मागेपुढे फिरवत होता. हात थांबला की गोळा ओघळलाच. मदतनीस पोरगा उकिडवा बसून दुसऱ्या टोकाने फुंकर घालत होता. कोणी बोलत नव्हतं.

तेव्हा मला अण्णा आठवले. ओगलेवाडीला शाळा सुटली की तू त्यांचा डबा घेऊन निघायचीस आणि मी तुझ्यामागून यायचे. प्रभाकर कंदिलांच्या दिवसांतली गोष्ट. काचेच्या कारखान्याच्या दारातच तोंडावर झळ यायची. अण्णा म्हणायचे, काच करणं एक आणि निववणं एक, घाईने निवली तर ती रुसते आणि रात्री कधीतरी आपली आपण तडकते. तेव्हा वाटायचं, हे आपल्याला शहाणपण शिकवतायत. आता कळतं की ते अगदी काचेबद्दलच बोलत होते. बाहेरची कड लवकर आकसते, आतला भाग अजून गरम असतो, आणि तो ताण काचेत अडकून राहतो. एवढा जाड वाडगा कोणीतरी तासन् तास, हळूहळू निववला असणार. म्हणूनच तो इतकी वर्षं, इतक्या घरांतून फिरूनही टिकला. तिरका धरला की तळाला बारीक रेघा दिसतात, कुठल्या कुठल्या फडताळांवर घासल्याच्या. मी त्या पुसायला जाणार नाही.

जानेवारीत येतेय. वाडगा हातातल्या पिशवीतूनच आणणार, बॅगेत टाकायची हिंमत नाही. तोवर माझं एक काम कर. अण्णांनी उरल्या काचेतून तुझ्यासाठी केलेलं ते निळं बदक देवघराच्या फळीवर असेल ना? ते उलटं करून बघ. काम करताना काच ज्या सळईला चिकटवून धरतात, तिच्यावरून तोडलेल्या जागी पोटाखाली ठिपका असतो. माझ्या वाडग्याचा कोणीतरी घासून गुळगुळीत केलाय. अण्णांनी बदकाचा घासला होता, की खरबरीतच ठेवला होता, तेवढं कळव.

तुझी,
शालू