चाई आणि गजकर्ण यांत गल्लत नको

मा. संपादक,
स. न.

केस गळण्यावर आपल्या आरोग्य पुरवणीत बरेच छापून येते, पण ते मोठ्यांसाठी. लहान मुलांच्या डोक्यावर एकाएकी चकत्या पडतात, त्याविषयी थोडे.

माझ्या सहा वर्षांच्या मुलीचे केस विंचरताना कानामागे नाण्याएवढी गुळगुळीत जागा हाताला लागली. दहा दिवसांत तशीच दुसरी. शाळेतून निरोप आला, ‘इतर मुलांना लागेल, बरे होईपर्यंत घरीच ठेवा.’ आम्ही निमूट ऐकले, कारण आम्हालाही तीच धास्ती होती. त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून पाहिले. खपली नाही, खाज नाही, कडेचे आखूड केस मुळाशी निमुळते झालेले. नखे का बघताहेत ते कळेना; त्यांवर बारीक खड्डे निघाले. ही चाई. शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच उलटते, मुळे मात्र मरत नाहीत. एकाची दुसऱ्याला लागण्याचा प्रश्नच नाही.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) तिच्याच वर्गातला एक मुलगा त्या काळात रोज शाळेत होता. डोक्यावर खपल्या, तुटलेल्या केसांचे काळे ठिपके, मानेत गाठी. घरच्यांना तो कोंडा वाटला आणि घरात उरलेले स्टिरॉइडचे मलम ते लावत राहिले, हे त्याच्या आईनेच मला नंतर सांगितले. ते निघाले गजकर्ण, म्हणजे बुरशी. लागण होते ती हिची: कंगव्यातून, टोपीतून, उशीतून, कधी मांजराच्या पिल्लाकडूनही. स्टिरॉइडने खाज दबते आणि आत बुरशी फोफावते. नुसते वरून लावूनही भागत नाही, कारण ती केसाच्या आत शिरलेली असते. ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिनसारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पोटातून घ्यावे लागते. ते सुरू झाले की त्या मुलालाही घरी बसवायचे कारण उरत नाही.

शाळांनी डोके पाहून निकाल देण्याऐवजी डॉक्टरांची चिठ्ठी मागावी, एवढीच विनंती. आणि पालकांनी, निदान होईपर्यंत, काहीही झोंबणारे चोळू नये. कोवळी कातडी भाजते, ते दुखणे वेगळेच. चाईवरच्या नव्या गोळ्यांविषयीही मला अनेकांनी सुचवले. अमेरिकेत २०२३ मध्ये रिटलेसिटिनिबला मान्यता मिळाली, ती १२ वर्षे आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी. सहा वर्षांच्या मुलीला तिचा काय उपयोग? चकत्या थोड्या असतील तर वर्षभरात केस पुन्हा येण्याची शक्यता चांगली असते, मात्र त्या परत पडूही शकतात, असे आम्हाला स्पष्ट सांगितले आहे.

तिच्या कानामागे आता पांढरी लव आली आहे. आधी पांढरे येतात, रंग मागाहून भरतो म्हणे. दुसरी चकती अजून तशीच आहे. ती टोपी न घालता शाळेत जाते. टोपी मीच दप्तरात ठेवते, ती काढून टाकते.

आपली,
एक पालक