त्यांचा शिकारी, आपला मृग

प्रिय शरद,

तुझं पत्र परवा मिळालं. तेव्हापासून दोनदा उत्तर लिहायला बसलो आणि दोनदा उठलो, कारण लेख दुसऱ्या भाषांत कसे न्यावेत, हे तू विचारलेलं दोन ओळींत सांगण्यासारखं नाही. आकाशावरचे तुझे लेख मराठी न येणाऱ्या माणसांनीही वाचावेत, ही इच्छा मला फार मोलाची वाटते. तू जे लिहितोस ते डोक्यावर आकाश असलेल्या प्रत्येकाचं आहे. पण तू सोबत भाषांची यादी जोडलीयस: हिंदी, कन्नड, बंगाली, इंग्रजी, जपानी, स्पॅनिश. शरद, यातल्या पाच भाषा आज खोडून टाक. एकच ठेव.

कोणती, हे त्या भाषेच्या लोकसंख्येवरून ठरवू नकोस. जिच्यात तुझा लेख मनापासून वाचून "हे आमच्याकडे असं म्हणत नाहीत" असं तोंडावर सांगणारं एक माणूस तुझ्या ओळखीचं आहे, ती भाषा घे. मला विचारशील तर तुझ्यासाठी ती कन्नड आहे, कारण तुझी ती जुनी सहकारी. तिला आकाशाची आवड आहे, मराठी येतं, आणि तुझ्या चुका दाखवताना ती कधी मागेपुढे पाहत नाही. असा एक वाचक हाताशी नसताना सहा भाषांत लेख पाठवणं म्हणजे सहा बंद दारांवर चिठ्ठ्या चिकटवून परत येणं.

हे मी अनुभवावरून सांगतोय. शिकवण्यावरचे माझे काही लेख मी स्वतःच हिंदीत केले होते, आठवतं? लिपी तीच, अर्धे शब्द तेच, मग अडचण कसली, असं मला वाटलं होतं. एका लेखात लिहिलं होतं, "वर्गात त्याची सगळ्यांनी चेष्टा केली." मी "चेष्टा" तसाच ठेवला. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. एका वाचकाने फार नम्रपणे विचारलं, की मुलांनी नेमका कसला प्रयत्न केला होता? त्या मुलाचा अपमान हा लेखाचा कणा होता, आणि तोच त्या वाचकापर्यंत पोचला नव्हता. पुढच्याच परिच्छेदात "शिक्षा" होती. आपल्याकडे ती छडी, त्यांच्याकडे ते शिक्षण. "संसार" आपल्याकडे घरातला, त्यांच्याकडे अख्खं जग. "राग"चंही तेच. लांबच्या भाषेत जाताना माणूस पाय जपून टाकतो. जवळच्या भाषेत आपण बेफिकीर राहतो आणि तिथेच ठेच लागते. तो लेख मी मागे घेतला, एका हिंदी शिक्षिकेकडून पुन्हा लिहून घेतला, आणि त्यानंतर प्रथमच लोकांची पत्रं आली ती मुलाबद्दल आली, शब्दांबद्दल नाही.

आता तुझ्या मृगाच्या लेखाकडे येतो. तो मी काल पुन्हा वाचला, या वेळी मराठी न येणाऱ्याच्या डोळ्यांनी. तू लिहितोस की व्याधाने सोडलेला बाण मृगाच्या पोटात रुतलाय, ते एका ओळीतले तीन तारे. आपल्याला हे वाचताच चित्र दिसतं. पण ग्रीकांकडून आलेलं आकाश ज्यांनी लहानपणी पाहिलंय, त्यांच्यासाठी तिथे हरीण नाहीच. तिथे ओरायन उभा आहे, म्हणजे खुद्द शिकारी, आणि आपला बाण हा त्याचा कमरपट्टा आहे! त्याच ताऱ्यांत आपल्याला शिकार दिसते आणि त्यांना शिकारी. अनुवादकाने "मृग"च्या जागी नुसतं "ओरायन" टाकलं तर तुझा बाण त्या शिकाऱ्याच्याच पोटात जाईल आणि वाचक गोंधळेल. "मृग"च ठेवलं तर कुठे पाहायचं हेच त्याला कळणार नाही. म्हणून माझं मत असं, की दोन्ही चित्रं लेखात शेजारी शेजारी ठेव. आधी त्याच्या ओळखीचा शिकारी दाखव, मग म्हण की आमच्याकडे इथे एक हरीण धावतंय. परका वाचक ज्यासाठी तुझ्याकडे येईल ते नेमकं हेच आहे. ताऱ्यांची अंतरं आणि तेजस्विता त्याला स्वतःच्या भाषेत केव्हाही मिळतील. ते हरीण मिळणार नाही.

कृत्तिकांचंही तसंच. जपानीत तो ताऱ्यांचा पुंजका सुबारू, फारसीत परवीन, अरबीत थुरय्या, न्यूझीलंडच्या माओरीत मातारिकी. रोहिणीला जगभर जे अल्देबरान म्हणतात ते अरबी नाव आहे, अर्थ "पाठोपाठ येणारा", कारण ती कृत्तिकांच्या मागून उगवते. तुझ्या लेखाचा पहिला परिच्छेद त्या त्या भाषेतल्या नावाने सुरू झाला तर वाचकाला वाटेल, हा माझ्याच आकाशाबद्दल बोलतोय. शोधणारा माणूसही आपल्या भाषेतल्या नावानेच शोधतो. "कृत्तिका" हा शब्द तो कुठून टाइप करणार? आणि वाद नको म्हणून एक सामाईक ओळख सोबत असू दे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९२२ मध्ये ८८ तारकासमूह मान्य केले, त्यातलं नाव प्रत्येक ठिकाणी एकदा दिलंस की कुठल्याही भाषेतल्या माणसाला नकाशात बोट ठेवता येतं.

एक गोष्ट मला स्वतःला उशिरा सुचली. तू "हिवाळ्यातल्या संध्याकाळी" असं लिहितोस. विषुववृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्याकडे तेव्हा उन्हाळा असतो, आणि त्याला हेच तारे उलटे दिसतात. ध्रुवतारा तर त्याला दिसतच नाही. तुझ्या यादीत स्पॅनिश होती, आणि स्पॅनिश बोलणारे कितीतरी लोक दक्षिण गोलार्धात राहतात. ऋतूऐवजी महिना लिही, म्हणजे "जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास". आकड्यांचंही बघ. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटरवर आहे हे आपल्याला चटकन कळतं, पण कोटी सगळीकडे नाही. इंग्रजीत ते १५० मिलियन होतात, जपानीत चार-चार शून्यांची मोजणी असते. पंधराच्या पुढे सात शून्यं, एवढं मूळ लेखात दिलंस तर पुढे कुणाचा हात चुकणार नाही.

यंत्राने भाषांतर करावं का, हेही तू विचारलंयस. कर, पण कच्च्या मसुद्यापुरतं. तुझं एक वाक्य आहे: "आपण वर पाहतो ते कालचं आकाश असतं." यातल्या "आपण"मध्ये तू आहेस आणि वाचकही आहे. "आम्ही" म्हटलं असतंस तर वाचक बाहेर राहिला असता. तमिळ, तेलुगू आणि गुजरातीत हा भेद आहे. हिंदीतल्या "हम"मध्ये नाही, इंग्रजीतही नाही. वर आपला "आपण" आदरार्थी "तुम्ही"ही असतो, त्यामुळे यंत्र तिथे हमखास अडखळतं. मी ते वाक्य घालून पाहिलं. बाहेर आलं ते एखाद्या अधिकाऱ्याने दिलेल्या सूचनेसारखं होतं. व्याकरण चोख, पण तू वाचकाच्या खांद्यावर ठेवलेला हात गायब. असा हात यंत्राला दिसत नाही, तुझ्या त्या सहकारीला दिसेल. तिला मूळ लेख समोर न ठेवता फक्त कन्नड मजकूर वाचायला दे आणि काय समजलं ते तोंडी सांगायला सांग. जिथे ती थांबेल तिथे खूण कर. यासारखी तपासणी दुसरी नाही.

मात्र भाषांतर सोपं जावं म्हणून तुझं मराठी सपाट करू नकोस. लांब वाक्यं तोड, "ते", "त्याचं" कुणाबद्दल आहे हे स्पष्ट ठेव, एवढं पुरे. म्हणी, लय, तुझं ते मध्येच थांबून आठवण सांगणं, हे सगळं राहू दे. चंद्र तुझ्या लेखात "एकटाच घरी परततो". फ्रेंचमध्ये चंद्र स्त्रीलिंगी आहे, बंगालीत व्याकरणाला लिंगच नाही. तिथे काय करायचं ते अनुवादकावर सोड आणि त्याच्यावर विश्वास ठेव. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेत गेलं, तिथून आठव्या शतकात अरबीत, आणि पुढे युरोपभर. वाटेत करटक आणि दमनक हे कोल्हे कलीला आणि दिम्ना झाले. नावं बदलली, पण कोल्ह्यांचा कावा तसाच पोचला.

ज्याने भाषांतर केलं त्याचं नाव लेखाच्या वर, तुझ्या नावाशेजारी असू दे, आणि त्याच्या कामाचे पैसे त्याला दे. यात मी कुठलीही तडजोड ऐकणार नाही.

आणि परकी पत्रं येतील तेव्हा उत्तर दे. माझ्या हातून हे एकदा राहिलंय. एका बाईंनी बंगालीत दोन पानं लिहून पाठवली होती, मला वाचता येईना, वाचून देणारं कुणी भेटेपर्यंत दोन महिने गेले. तोवर त्यांनी वाट पाहणं सोडलं होतं; माझ्या उत्तराला पुन्हा उत्तर आलं नाही. त्या पानांत त्यांनी आपल्या शाळेतल्या पहिल्या दिवसाबद्दल लिहिलं होतं, इतकं सुंदर की मी ते अजून जपून ठेवलंय. तुझ्या बाबतीत असं व्हायला नको. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये का होईना, त्याच आठवड्यात चार ओळी पाठव.

उलटी वाटही धर. कन्नडमध्ये आकाशावर कुणीतरी लिहीत असेलच. सहकारीला विचार, त्यांची परवानगी घे आणि त्यांचा एक लेख मराठीत आण. आपल्या माणसाचं लेखन आदराने दुसऱ्या भाषेत नेणाऱ्याकडे लोक आपणहून वळून पाहतात.

सुरुवात मृगापासून नको, कृत्तिकांपासून कर. तो लेख लहान आहे आणि त्यात गोष्ट एकच आहे. महिने आणि आकडे सुधारून मला पाठव, मी रविवारपर्यंत वाचून परत देतो, मग तो सहकारीकडे जाऊ दे. आणि कन्नडमध्ये कृत्तिकांना बोलीत काय म्हणतात, ते तिला माझ्यासाठीही विचारून ठेव.

तुझा,
मोहन