ग्रीन कार्डची वाट पाहणाऱ्या आईवडिलांनी व्हिजिटर विम्यावर विसंबू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील मुलाकडे किंवा मुलीकडे कायमचे राहायला निघालेले, किंवा तेथे पोहोचून ग्रीन कार्डचा अर्ज भरलेले आईवडील आपल्या वाचकांत नक्कीच असतील. व्हिसा, विमानाचे तिकीट, घराची व्यवस्था आणि बँकेतील खाती यांची चौकशी ही मंडळी महिनोन्महिने करतात. आरोग्य विम्याचा विषय मात्र शेवटच्या आठवड्यात निघतो आणि सहा महिन्यांची व्हिजिटर पॉलिसी काढली की तो संपला असे मानले जाते. न्यू जर्सीत राहणारी आणि ओळखीच्या मराठी कुटुंबांना विम्याचे अर्ज भरताना मदत करणारी एक वाचक म्हणून मला असे सांगायचे आहे की, अर्ज दाखल झाल्यापासून कार्ड हाती येईपर्यंतचा काळ हा पाहुणपणाचा काळ नव्हे, आणि पाहुण्यांसाठी बनवलेला विमा त्या काळात पुरा पडत नाही.

व्हिजिटर विम्याची रचना समजून घेतली की हे लक्षात येते. तो प्रवासात अचानक उद्भवणाऱ्या आजारासाठी किंवा अपघातासाठी असतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, जुनी गुडघेदुखी असे आधीपासूनचे आजार त्यातून सर्वसाधारणपणे वगळलेले असतात, आणि जिथे ते अंशतः समाविष्ट असतात तिथे 'अक्यूट ऑनसेट' ही अट असते. म्हणजे जुना आजार पूर्वसूचना न देता एकाएकी बळावला आणि रुग्णाने ठरावीक तासांत उपचार घेतले, तरच दावा विचारात घेतला जातो, आणि तोही वयानुसार घटत जाणाऱ्या मर्यादेत. स्वस्त पॉलिसींपैकी बऱ्याच 'फिक्स्ड बेनिफिट' प्रकारच्या असतात. त्यांत रुग्णालयातील एका दिवसाला किंवा एका शस्त्रक्रियेला किती डॉलर मिळतील हे आधीच ठरलेले असते, बिल कितीही येवो, आणि उरलेला सगळा भार कुटुंबावर पडतो. शिवाय नियमित तपासण्या, रोजची औषधे, रक्तातील साखरेवर देखरेख ठेवणारा डॉक्टर यांपैकी काहीच त्यातून मिळत नाही, आणि साठी-सत्तरीतल्या माणसाला खरी गरज असते ती याचीच.

यावर घरोघरी मिळणारे उत्तर असे की, काही मोठे निघालेच तर भारतात येऊन उपचार करून घेऊ. फिरायला गेलेल्या आईवडिलांच्या बाबतीत हे उत्तर बरोबरही आहे. परंतु अमेरिकेत राहून ग्रीन कार्डसाठी आय-४८५ हा अर्ज भरलेल्या आईने किंवा वडिलांनी 'ॲडव्हान्स पॅरोल' ही बाहेर जाऊन परत येण्याची परवानगी हाती येण्यापूर्वी देश सोडला, तर तो अर्ज सोडून दिला असे धरले जाते आणि सगळी प्रक्रिया पुन्हा सुरू करावी लागते. परतीचा जो मार्ग आपण गृहीत धरलेला असतो, तो नेमका याच काळात बंद असतो. म्हणून अर्ज भरतानाच ॲडव्हान्स पॅरोलसाठीही अर्ज करावा, आणि भारतातील आरोग्य पॉलिसी 'आता तिचा काय उपयोग' म्हणून बंद करू नये, असे मी आवर्जून सुचवते. एकदा खंड पडला की जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ नव्या पॉलिसीत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जाऊ शकतो.

आता, कायद्याने या लोकांना काय मिळते, ते सांगते. कारण ते मिळते हेच पुष्कळांना ठाऊक नसते. २०१० साली मंजूर झालेल्या 'अफोर्डेबल केअर ॲक्ट'खाली राज्याराज्यांत विम्याची मार्केटप्लेस, म्हणजे खासगी विमा योजना निवडून घेण्याची सरकारी बाजारपेठ, उभी राहिली. अनेक राज्यांचे अर्ज हेल्थकेअर डॉट गव्ह या केंद्रीय संकेतस्थळावरून होतात. न्यू जर्सीत 'गेट कव्हर्ड न्यू जर्सी', कॅलिफोर्नियात 'कव्हर्ड कॅलिफोर्निया' अशा राज्यांच्या स्वतःच्या व्यवस्था आहेत. या मार्केटप्लेसमधून विमा घेण्यासाठी नागरिक असण्याची किंवा ग्रीन कार्ड हातात असण्याची अट नाही. माणूस कायदेशीररीत्या देशात असावा आणि तेथे राहत असावा, एवढेच पाहिले जाते. मुलाने किंवा मुलीने आईवडिलांच्या ग्रीन कार्डसाठी सरकारकडे दाखल केलेली याचिका मंजूर झाली आहे आणि स्वतःचा आय-४८५ प्रलंबित आहे, अशी व्यक्ती या व्याख्येत बसते. २०१४ पासून या योजनांत आधीच्या आजाराचे कारण दाखवून कोणालाही नाकारता येत नाही किंवा जास्त हप्ता लावता येत नाही. हप्ता ठरतो तो वय, राहण्याचे ठिकाण, तंबाखूचे सेवन आणि निवडलेली योजना यांवर, आणि वयामुळे होणारी वाढही एकवीस वर्षांच्या तरुणाच्या हप्त्याच्या तिपटीपेक्षा जास्त असू शकत नाही. रुग्णालय, औषधे, तपासण्या, मानसिक आरोग्य हे सारे त्यात येते. २०२६ साली योजनेच्या नेटवर्कमधील (म्हणजे तिच्याशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांतील), विम्यात समाविष्ट असलेल्या उपचारांसाठी एका व्यक्तीला स्वतःच्या खिशातून द्यावी लागणारी वर्षाची कमाल रक्कम १०,६०० डॉलर आहे. रक्कम मोठीच आहे, पण तिला वरची सीमा आहे. व्हिजिटर विम्यात ती सीमा विमा कंपनीच्या खर्चाला असते, रुग्णाच्या खर्चाला नसते.

हा विमा वर्षभर केव्हाही मिळत नाही, आणि कुटुंबे हुकतात ती येथे. सर्वांसाठीची नोंदणी १ नोव्हेंबरला सुरू होते. तिची शेवटची तारीख राज्यानुसार आणि वर्षानुसार बदलते, त्यामुळे १५ डिसेंबरच्या आत योजना निवडून मोकळे व्हावे आणि १ जानेवारीपासून विमा लागू करून घ्यावा, हे उत्तम. इतर वेळी परदेशातून अमेरिकेत राहायला आल्यावर किंवा विम्यासाठी पात्र ठरेल असा नवा दर्जा मिळाल्यावर ६० दिवसांची विशेष मुदत मिळते. मुंबईतील वाणिज्य दूतावासातून इमिग्रंट व्हिसा घेऊन येणारे आईवडील विमानतळावर प्रवेश मिळताच स्थायी रहिवासी ठरतात, त्यांचेही ६० दिवस तेव्हापासूनच धावू लागतात. प्लास्टिकचे कार्ड टपालाने येईपर्यंत थांबण्याची काहीच गरज नसते, तरी लोक थांबतात आणि मुदत निघून जाते. योजना निवडल्यावर विमा साधारणपणे पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होतो. तेवढ्या मधल्या आठवड्यांसाठी व्हिजिटर पॉलिसी जरूर घ्यावी. तिचे खरे काम तेवढेच आहे. अर्जाची सरकारी पावती, पासपोर्ट आणि प्रवेशाची नोंद यांच्या प्रती तयार ठेवाव्यात, कारण संगणकावर दर्जाची पडताळणी लगेच झाली नाही तर कागदपत्रे मागवली जातात, आणि ती ठरलेल्या मुदतीत न दिल्यास सुरू झालेला विमा बंद होतो.

या विमानतळावरच्या प्रवेशासंबंधी येथेच एक सांगून ठेवते. व्हिजिटर व्हिसावर येताना स्थायिक होण्याचा हेतू लपवणे ही गंभीर बाब आहे आणि तिचे परिणाम अर्जावरच होतात. त्या प्रश्नात शेजाऱ्याच्या अनुभवावर न जाता इमिग्रेशनच्या वकिलाचाच सल्ला घ्यावा.

खर्चाबद्दल मी कोणाचीही खोटी समजूत घालणार नाही. साठीपुढच्या एका व्यक्तीचा पूर्ण दराचा हप्ता महिन्याला हजार डॉलरच्या पुढे जाऊ शकतो, आणि नोकरदार मुलाच्या कंपनीच्या विम्यात पत्नी व मुले बसतात, आईवडील सहसा बसत नाहीत. मुलगा आईवडिलांना करविवरणात आपल्यावर अवलंबून दाखवत असेल, तर हप्त्यावर उत्पन्नानुसार मिळणाऱ्या सरकारी सवलतीसाठी त्याचेही उत्पन्न धरले जाते. २०२१ पासून लागू असलेली वाढीव सवलत २०२५ अखेर संपल्यामुळे ज्यापुढे सवलत मिळत नाही ती उत्पन्नाची जुनी मर्यादाही परत आली आहे. तेव्हा चांगला पगार असलेल्या घराला पूर्ण हप्ताच भरावा लागेल, हे धरून चालावे. मग आईवडिलांना आणण्याच्या खर्चात दोघांचा वर्षाचा हप्ता आधीच धरायला हवा, आणि तो झेपत नसेल तर अर्ज एखादे वर्ष पुढे ढकलणे यात कोणताही कमीपणा नाही.

हप्त्यावर सवलत घेतली किंवा विमा घेतला तर 'पब्लिक चार्ज', म्हणजे सरकारवर भार होणारी व्यक्ती, म्हणून ग्रीन कार्ड नाकारले जाईल, ही भीती मला वारंवार ऐकू येते. स्वतःच्या पैशाने, पूर्ण दराने घेतलेला विमा म्हणजे सरकारी मदत नव्हे. उलट २०१९ च्या कडक नियमातही असा विमा अर्जदाराच्या बाजूने धरला जात होता. २०२२ च्या नियमाने मार्केटप्लेसच्या सवलतीही या हिशेबातून वगळल्या. हे नियम सरकार बदलले की बदलतात, म्हणून सवलत किंवा मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी विमा) घेण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम विचारून घ्यावा. पण भीतीपोटी विम्याविना राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

कार्ड मिळाल्यावरही सारे सुरळीत होते असे नाही. १९९६ च्या कायद्यानुसार बहुतेक नव्या स्थायी रहिवाशांना मेडिकेडसाठी पाच वर्षे थांबावे लागते. काही राज्ये स्वतःच्या पैशातून ही उणीव भरून काढतात. पासष्टीनंतरचे मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) हेही, स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या अमेरिकेतील नोकरीचे पुरेसे (सुमारे दहा वर्षांचे) श्रेय नसेल तर, स्थायी रहिवासी म्हणून सलग पाच वर्षे राहिल्यावर हप्ता भरूनच घेता येते. २०२६ मध्ये त्याच्या रुग्णालयासाठीच्या भाग 'ए'चा पूर्ण हप्ता महिन्याला ५६५ डॉलर आणि डॉक्टरांच्या उपचारांसाठीच्या भाग 'बी'चा २०२.९० डॉलर आहे. पात्र झाल्यावर वेळेत नोंदणी केली नाही तर भाग 'बी'च्या हप्त्यावर प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के दंड लागतो आणि तो पुढे कायम राहतो, म्हणून पाच वर्षे भरण्याची तारीख आजच दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करत वर्षानुवर्षे ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलामुलींची स्थिती वेगळी असली, तरी तेवढीच नाजूक आहे. त्यांचा विमा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की देशात राहण्यासाठी कमाल ६० दिवसांची सवड मिळते आणि विमा त्या दिवशी किंवा त्या महिन्याच्या अखेरीस संपतो. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत 'कोब्रा' कायद्याने तोच विमा सर्वसाधारणपणे १८ महिने चालू ठेवता येतो, मात्र कंपनीचा वाटाही स्वतःच भरून, म्हणजे एकूण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत. तो निर्णय घ्यायला किमान ६० दिवस मिळतात आणि हप्ते भरल्यास विमा आधीच्या तारखेपासून अखंड धरला जातो, ही गोष्ट नोकरी गमावलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. कारण त्या दोन महिन्यांत कोणी आजारी पडले, तर मागे जाऊन विमा सुरू करता येतो.

याच रांगेतील लोकांवर नव्या कायद्याने जो अन्याय केला आहे, त्याबद्दल मला तीव्र खेद वाटतो. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्यानुसार २०२७ पासून मार्केटप्लेसच्या हप्त्यावरील सवलत परदेशी नागरिकांपैकी ग्रीन कार्डधारक आणि आणखी एक-दोन ठरावीक गटांपुरतीच राहील. कायदेशीर व्हिसावर असलेले किंवा कार्डच्या प्रतीक्षेत असलेले लोक विमा घेऊ शकतील, पण पूर्ण दराने. मेडिकेअरलाही त्याच कायद्याने तशीच अट घातली आहे. एच-१बीवरील माणसाच्या प्रत्येक पगारातून मेडिकेअरसाठी १.४५ टक्के कर कापला जातो आणि तेवढाच कंपनी भरते. पूर्वी सुमारे दहा वर्षांच्या कामाचे श्रेय जमलेल्या कायदेशीर रहिवाशाला पासष्टीनंतर मेडिकेअरचा भाग 'ए' विनाहप्ता मिळू शकत असे. आता ग्रीन कार्ड नसेल तर मिळणार नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० आणि त्यांत कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांची मर्यादा, या गणितामुळे भारतीयांची प्रतीक्षा दशकांत मोजली जाते. कर नियमित घ्यायचा, कार्ड द्यायला वीस वर्षे लावायची आणि कार्ड नाही म्हणून म्हातारपणीचे उपचार नाकारायचे, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही. अमेरिकेतील मराठी मंडळांनी आपापल्या मतदारसंघातील लोकप्रतिनिधींपुढे हा मुद्दा लेखी मांडावा. जे नागरिक झाले आहेत त्यांच्या पत्राला वजन असते, आणि ज्यांच्यासाठी ते लिहायचे ते त्यांचेच भाऊबंद आहेत.

तोपर्यंत आपल्या वृत्तपत्राने एक काम करावे, अशी विनंती आहे. दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, नोंदणी सुरू होण्यापूर्वी, त्या वर्षीच्या तारखा आणि बदललेले नियम यांची माहिती जाणकारांकडून तपासून घेऊन ठळकपणे छापावी. परदेशी निघालेल्या मुलांच्या हाती संकेतस्थळे असतात. आईवडिलांच्या हाती सकाळी आपले वृत्तपत्र असते.

आपली नम्र,
न्यू जर्सी येथील एक वाचक