दहिवलीच्या मावशींना

मावशी,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "काय गं, परकी हायेस का?" म्हणता आणि चहा ठेवायला उठता. चार वर्षांत मला ते वाक्य एकदाही पुरं करता आलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. नातीला वाचून दाखवायला सांगा, आणि कृपा करून मध्ये उठू नका.

२०१८च्या जूनमध्ये आम्ही लालबाग सोडून कर्जतला आलो ते हौसेनं नाही. चाळ पाडली होती, बिल्डरकडून मिळणारं भाडं काही महिन्यांतच थकलं आणि मुंबईत भाड्यानं राहणं झेपेना. जागा शोधत शोधत कल्याण, बदलापूर ओलांडून कर्जत गाठलं. पुलापलीकडे दहिवलीत तुमच्या शेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणायचा, नशीबवान आहात, एका अंगाला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगाला घाट आणि मधून उल्हास नदी! मला त्यातलं काहीच दिसत नव्हतं. अंधारात घर सोडायचं, दोन-सव्वादोन तासांनी सीएसएमटीला उतरायचं आणि रात्री परत अंधारातच पूल ओलांडायचा. आई दिवसभर एकटी.

तुम्हाला आठवतं ना, ती तेव्हा कशी झाली होती? खुर्ची खिडकीशी, हात मांडीवर. बोलणं जवळजवळ बंद. मी तिला म्हणायचे, आई, आयुष्यभर राबलीस, आता आराम कर. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. तिला विश्रांती हवी आहे, अशी माझी खात्री होती.

तुम्ही पहिल्या आठवड्यात येऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसलात आणि विचारलंत, "काय काम करायची तू?" इतक्या लोकांनी तिला काय होतंय, काय दुखतंय ते विचारलं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि आई बोलली. गिरणी कामगारांची खानावळ होती आमची, वीस ताटं सकाळी, वीस संध्याकाळी. १९८२च्या जानेवारीत संप झाला, माणसं गावाला गेली आणि ताटं कमी होत होत खानावळ बंद पडली. मला वाटायचं, ते कष्ट ती विसरायला बघत असेल. तुम्हाला मात्र पहिल्याच बैठकीत कळलं की तिचे हात काम शोधत आहेत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मोड आलेल्या वालांचं पातेलं तिच्यापुढे ठेवलंत. मी तुमच्यावर चिडले होते, मावशी, आज कबूल करते. म्हाताऱ्या बाईला कामाला लावतात म्हणून मनात बोलले. रात्री आले तर आई कोमट पाण्यात हात घालून बसलेली. एक वाल उचलायचा, अंगठ्यानं हलकेच दाबायचा, साल सुटून पाण्यावर येते आणि पांढरी डाळिंबी अख्खी ताटलीत पडते. एकही मोड तुटलेला नाही. "हे कडवे वाल आहेत," ती मला म्हणाली. "बाजारातले नव्हेत." कित्येक दिवसांनी तिनं आपणहून काढलेलं ते पहिलं वाक्य.

मग तुमच्याबरोबर ती सगळीकडे जायला लागली. भात कापल्यावर मागे राहिलेल्या ओलीवर वाल कसे येतात, हे तिनं तुमच्याकडून शिकून मला शिकवलं. तुमच्या माहेरच्या शेतावर ऐन मे महिन्यात भात उभं बघून थक्क झाली होती. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्यानं इथवर येतं, १९२२पासून ते वीजघर चालू आहे, हे तिनं मला असं सांगितलं की जणू कालवा तिनंच खणलाय.

आणि ती रात्र. २६ जुलै २०१९. मी बदलापूरला अडकले, पुढे गाड्या बंद. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात उभी होती, हजारभर माणसं आत, आणि दुसऱ्या दिवशी बोटी घालून त्यांना बाहेर काढावं लागलं. मला तेव्हा एवढंच दिसत होतं, की तीच नदी आमच्या घरापाशी आहे आणि आई एकटी आहे. फोन लागेना. मध्यरात्रीनंतर एकदा लागला, तो तुम्ही उचललात. "बाय, तुझी आई माझ्या घरात हाय. लसूण सोलत्येय. तू रडू नको." पाठीमागून आईचा आवाज आला, तिला विचार, जेवली का.

प्लॅटफॉर्मवर बसून मी खूप रडले. घाबरलेल्या म्हातारीला त्या रात्री कुणीही धीर दिला असता. तुम्ही तिच्या हातात लसूण दिलात, म्हणून ती घाबरलीच नाही.

पुढे लॉकडाउनमध्ये लोकल थांबल्या, तेव्हा मी पहिल्यांदा दिवसाउजेडी ते गाव पाहिलं. हिवाळ्यात तुमच्या अंगणात पोपटी लागली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, पुन्हा पाला, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती जाळ. तुम्ही सांगत होतात आणि मडकं आई भरत होती. पाला किती दाबायचा यावरून तुम्हा दोघींचं वाजलं, आणि तुम्ही तिचं ऐकलंत.

२०२२मध्ये आम्ही लालबागला परतलो. जागा छान आहे, सातवा मजला, लिफ्ट आहे. आल्या आल्या मी आईसाठी आरामखुर्ची आणली नाही. ओट्याशी बसता येईल असं उंच स्टूल आणलं. ते तुमच्यामुळे.

तुम्ही पाठवलेले वाल काल पोचले. आईनं रात्रीच भिजत घातले. जानेवारीत आम्ही दोघी येतो. मडकं तिलाच भरू द्या.

तुमची,
बाय