पलीकडच्या लेनला माणूस हवा

कसाल, श्रावण

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा आता बरा आहे, काठीशिवाय चालतोस, हे वाचून जीव भांड्यात पडला. रिटायर झाल्यावरही मी रोज सकाळी कुठे जातो, असं तू विचारलंस. फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

फाट्यावर जातो. शाळेच्या पोरांना हायवे पार करून द्यायला. जूनमध्ये शाळा भरली तेव्हापासून एक दिवस चुकवलेला नाही. सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी सुटताना.

आपण एसटी चालवायचो तो सतरा नंबरचा हायवे आता ओळखू येणार नाही. त्याचा नंबर सहासष्ट झाला, चौपदरी झाला, आणि वाडी एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला राहिली. पूर्वी समोरून गाडी आली की दोघेही वेग कमी करायचो, रस्ताच तेवढा होता. आता गाड्या ऐंशीने सहज जातात. एका बाजूच्या दोन लेन म्हणजे ७ मीटर, वर कडेची पट्टी. पाठीवर दप्तर घेतलेलं दुसरीतलं पोर सेकंदाला साधारण मीटरभर चालतं, म्हणजे त्याला आठ-नऊ सेकंद लागणार. ऐंशीच्या वेगाने गाडी तेवढ्यात २०० मीटर येते. आमचं वळण फाट्यापासून दीडशे मीटरवर आहे. पोराने पाऊल टाकलं तेव्हा रस्ता रिकामा होता आणि ते पलीकडे पोचायच्या आतच गाडी अंगावर. यात पोराची चूक कुठे आहे, सांग. लोक मात्र त्यालाच ओरडतात, "बघून जायला काय होतं?" बघतं रे ते. गाडी दिसते, पण ती किती जोरात येतेय याचा अंदाज त्या वयात येत नाही.

तुला तो दिवस आठवतो ना? आषाढातला, आपली वस्तीची गाडी परतत होती. थांब्यावर एक मुलगी उतरली आणि गाडीच्या पुढून निघाली. केबिनमधून मला काचेखाली फक्त छत्रीचं टोक दिसलं. मी दचकून हॉर्न दिला. हॉर्नने ती घाबरून धावली, आणि त्याच वेळी आपल्याला ओव्हरटेक करून एक जीप पुढे येत होती. जीपवाल्याने ब्रेक मारला म्हणून ती वाचली. तू खाली उडी मारून तिला उचललंस. गुडघे फुटले होते, चिखलाने माखली होती, आणि हातातली छत्री काही सोडत नव्हती. इतक्या वर्षांत हे मी घरी सांगितलेलं नाही. मी हॉर्न दिला नसता तर ती धावली नसती. रोज फाट्यावर उभा राहतो तो त्या हॉर्नमुळे.

गेल्या वर्षी लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो, तिथे हे काम पहिल्यांदा पाहिलं. शाळेजवळ पिवळ्या कोटातली एक वयस्कर बाई, हातात लांब दांड्यावर गोल फलक. मुलं त्या फलकाला लॉलीपॉप म्हणतात. ती रस्त्यात उतरली, फलक उभा धरला, की गाडीने थांबायचंच. १९५३ पासून तिथे तसा कायदा आहे. न थांबणाऱ्याला दंड होतो. मी तीन आठवडे रोज सकाळी तिला बघायला जायचो. तिने एकदाही मुलांना "पळा" म्हटलं नाही.

माझ्या फलकामागे असा कायदा नाही. पत्र्याचा गोल कापून घेतला, त्यावर लाल रंग आणि चमकणारी पट्टी, अंगात चमकपट्ट्यांचं जाकीट. झेब्रा पट्ट्यांवर चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हे १९८९ च्या नियमांतही होतं, २०१७ च्या नियमांतही आहे. पण आमच्या फाट्यावर पट्टेच नाहीत. दोन अर्ज दिले, पोच मिळाली, पट्टे नाही.

काम दिसतं तितकं सोपं नाही. पोरांना पांढऱ्या रेघेच्या आत उभं करतो, आधी एकटा उतरतो. पहिल्या लेनचा ट्रक थांबला म्हणून हात दाखवायचा नाही, कारण त्याच्या आडून दुसऱ्या लेनने कार येते आणि तिला पोरं दिसत नाहीत. दोन्ही लेन थांबल्या, ड्रायव्हरची नजर माझ्या नजरेला मिळाली, मगच बोलावतो. कुणी धावायला लागलं की ओरडतो, "खय धावतस? चलत ये!" मग दुभाजकावर पुन्हा थांबायचं. तिथे कण्हेरी लावल्यात, पोरांच्या डोक्यापेक्षा उंच. पलीकडच्या ड्रायव्हरला पोर दिसतं ते थेट रस्त्यावर आल्यावरच. मी माझ्या हाताने चार झुडपं छाटली. कुणी विचारलं तर सांगेन, मीच छाटली.

छत्रीचंही तसंच. वारा समोरून आला की पोरं छत्री तोंडापुढे धरतात आणि आंधळी चालतात. रस्ता पार होईपर्यंत छत्री मिटायची, असं मी ठरवून दिलं. पोरं भिजतात म्हणून आया चिडल्या. एका आईला मी माझ्या जागेवर उभं करून छत्रीआडून येणारी तिचीच मुलगी दाखवली. तिने बाकीच्यांना समजावलं.

आता अडचण सांगतो. पोरं दुभाजकावर पोचली की मला त्यांच्या पुढे जाऊन पलीकडची बाजू थांबवावी लागते, आणि तेवढ्यात मागे राहिलेली दोन-चार आपल्या मनानेच उतरतात. परवा पहिलीतला एक असाच "आजोबा, मी इलंय" म्हणत मागून आला. माझे हातपाय गळाले. एका माणसाचं हे काम नाही.

चवथीला चाकरमानी यायला लागले की रस्त्यावर गाड्यांची रांग तुटत नाही, आणि शाळा तर सुट्टी लागेपर्यंत चालूच. तू आठ दिवस आधी ये. खोली झाडून ठेवली आहे, फलक दुसरा करून घेतो. डबल बेल तू द्यायचास, तेव्हाच मी गाडी हलवायचो. इथेही तसंच करू. पलीकडची लेन थांबली की तू शिट्टी दे, मग मी पोरं सोडतो.

सकाळच्या गाडीने निघालास तर दुपारी पोचशील. संध्याकाळच्या शाळेला दोघे मिळून जाऊ.

तुझाच,
जुना ड्रायव्हर