लायसन्स बंद करायच्या आधी

प्रिय सोन्या,

परवा तू म्हणालास ना की तिकडे ब्रिटनमध्ये ज्याच्या पैशावर बीबीसी चालतं ते टीव्ही लायसन्स आता बंदच करतो, वर्षाला पावणेदोनशे पौंडांच्या आसपास जातात आणि बघतं कोण, सगळं तर यूट्यूब नाहीतर नेटफ्लिक्सवर आहे, तेव्हा मी काही बोलले नाही कारण मागे ओवी टॅबलेटसाठी भोकाड पसरून बसली होती आणि तुझं अर्धं लक्ष तिकडे. आता सावकाश लिहिते. पैसे तुमचे, संसार तुमचा, ठेवा नाहीतर बंद करा, मी काही त्या बीबीसीची एजंट नाही. पण एक गोष्ट डोक्यात घोळतेय, ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

ऋजुता म्हणते ओवी टॅबलेट सोडत नाही. अगं पण तो टॅबलेट तरी तिला कुठे सोडतो? एक व्हिडिओ संपत नाही तोवर दुसरा सुरू, मग तिसरा, आणि प्रत्येकात दर दोन सेकंदांनी काहीतरी उडतंय, फुटतंय, किंचाळतंय. कुठे थांबायचं हे तीन वर्षांच्या पोरीने ठरवायचं होय? मी तिकडे असताना नर्सरीत काम करायचे, त्या कोर्ससाठी म्हणून बीबीसीच्या मुलांच्या प्रोग्रॅम्सबद्दल बरंच वाचलं होतं, आणि तुझ्याबरोबर बसून पाहिले तर इतके की विचारू नकोस. मला त्यात सगळ्यात काय आवडायचं माहितेय? ते संपायचे. आणि संपताना चल, आता ऊठ असं म्हणायचे.

तुला खरं वाटणार नाही पण पन्नासच्या दशकात तिकडे संध्याकाळी सहा ते सात टीव्ही चक्क बंद असायचा. मुलांचे प्रोग्रॅम संपले की एक तास काहीच नाही, कारण काय तर आयांना पोरांना गुंडाळून झोपवता यावं. टॉडलर्स ट्रूस म्हणायचे त्याला. पुढे १९५५ ला आयटीव्ही आलं, ते पडलं जाहिरातींवर चालणारं, त्यांचा रोजचा एक तास कोरडा जायला लागला म्हणून त्यांनी बोंबाबोंब केली आणि फेब्रुवारी १९५७ मध्ये तो तास उघडला. चार्ल्स हिल म्हणून मंत्री होते, त्यांचं म्हणणं पोरांना कधी झोपवायचं ते आईबापांनी बघावं, त्यात सरकारने कशाला पडायचं. बरोबरच आहे म्हणा. पण गंमत बघ, आजही सीबीबीज, म्हणजे बीबीसीचं छोट्या मुलांचं चॅनेल, संध्याकाळी सात वाजता बंद होतं, आणि सहा ते सात सगळं झोपायच्या तयारीचं, शेवटी कुणीतरी बसून एक गोष्ट वाचतं आणि गुड नाइट. म्हणजे सरकारने उठवलेला तास ह्यांनी आपणहून परत लावला.

सुरुवात तर फारच साधी होती. १९४६ ला लढाईनंतर टीव्ही परत सुरू झाला तेव्हा पियानोवर नाचणारं एक लाकडी खेचर होतं, मफिन नावाचं, आणि पियानो वाजवत त्याच्याशी गप्पा मारणाऱ्या अ‍ॅनेट मिल्स. मग १९५० मध्ये अँडी पँडी आला, फ्रेडा लिंगस्ट्रॉम आणि मारिया बर्ड ह्या दोघींनी काढलेला. साधी दोऱ्यांची बाहुली रे, दोऱ्या सरळ दिसतात, आपल्याकडच्या राजस्थानी कठपुतळ्यांचा खेळ पण त्यापेक्षा चपळ वाटेल. सव्वीस फिल्म केल्या आणि त्याच वर्षानुवर्षं फिरवल्या, दर तीन-चार वर्षांनी बघणारी पोरं नवीन त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. शेवटी अँडी पँडी घरी जायची वेळ झाली असं गाणं, टाटा, खलास. त्या सगळ्या प्रोग्रॅम्सना मिळून नाव दिलं वॉच विथ मदर. आता कुठली आई रोज दुपारी टीव्हीसमोर बसून राहणार होती, तिला काय धुणीभांडी नव्हती? पण निदान अपेक्षा तरी तशी होती की शेजारी कुणीतरी मोठं माणूस असेल.

१९५२ ला बिल अँड बेन आले, कुंड्यांची दोन माणसं, ती कसलं तरी गडबडगुंडा बोलायची आणि लोकांनी नाकं मुरडली की असलं ऐकून आमची पोरं बोलायला शिकणार कशी. बरोब्बर पंचेचाळीस वर्षांनी टेलिटबीज, ते पोटावर स्क्रीन असलेले बोबडे टबी, आले तेव्हा हीच तक्रार शब्दन् शब्द परत! ३१ मार्च १९९७ ला सुरू झालं ते, तू तेव्हा दोन वर्षांचा. पेपरवाले तुटून पडले होते, आणि आपल्याकडे तुझी आज्जी आली होती ती म्हणाली ह्याला आता मराठीही येणार नाही आणि इंग्रजीही येणार नाही, हा नुसता ए-ओ करत बसेल. अ‍ॅन वुड आणि अँड्र्यू डेव्हनपोर्ट ह्यांनी ते केलं होतं आणि हा डेव्हनपोर्ट म्हणजे बोलणं कसं घडतं ह्याचंच शिक्षण घेतलेला माणूस, त्यामुळे ते बोबडं बोलणं काही वेडेपणा म्हणून घातलेलं नव्हतं. आणि बाकी पण काय काय. ते टबी म्हणजे आत चांगली उंचीपुरी माणसं, त्यांच्यासमोर साधे ससे उंदरांएवढे दिसले असते म्हणून फ्लेमिश जायंट जातीचे भले मोठे ससे आणून सोडलेले त्या वॉरिकशायरच्या शेतात.

पण मला आठवतं ते वेगळंच. पोटावरच्या स्क्रीनवर खऱ्या मुलांची छोटीशी फिल्म लागायची, कुणी चिखलात उड्या मारतंय, कुणी आजोबांबरोबर पोळ्या लाटल्यासारखं काहीतरी करतंय, आणि संपली की ते टबी ओरडायचे अगेन अगेन, आणि खरंच तीच फिल्म अख्खी परत लावायचे. तुझे बाबा वैतागायचे, काय हा चावटपणा म्हणायचे. तू मात्र दुसऱ्यांदा बघताना आधीच हसायचास कारण पुढे काय होणार ते तुला माहीत असायचं, आणि तो आनंद तुझ्या वयाला केवढा मोठा होता. मग शेवटी एकेक टबी बाय बाय करून खाली जायचा, पुन्हा डोकं वर काढायचा, पुन्हा बाय बाय, सूर्यातलं बाळ मावळायचं. तू पण टीव्हीला हात हलवायचास आणि तो लाल डंपर घेऊन पॅसेजमध्ये पळायचास. रडारड नाही. कारण टाटा झालेला असायचा.

अमेरिकेचं सेसमी स्ट्रीट बीबीसीने १९७१ मध्ये घ्यायला नकार दिला हे तुला माहीत नसेल. मोनिका सिम्स तेव्हा मुलांच्या विभागाच्या प्रमुख, त्यांना ते फार हुकूमशाही वाटलं, म्हणजे एकच बरोबर उत्तर आणि ते पोराच्या डोक्यात ठोकून बसवायचं. मला विचारशील तर बाईंनी जरा जास्तच ताणलं. त्याचंच भारतातलं रूप गली गली सिमसिम आपल्याकडे २००६ ला आलं ते मला फार आवडायचं आणि आमच्या बालवाडीतली पोरं ते बघून उत्तरं घोकत नव्हती, नाचत होती. पण त्यांच्या बोलण्यातला एक मुद्दा सोडवत नाही. सेसमी स्ट्रीटने मुद्दाम जाहिरातींची युक्ती उचलली होती, छोटे छोटे तुकडे, झटपट बदल, नजर हलली नाही पाहिजे. आणि बीबीसीकडे होतं प्ले स्कूल, एकदम निवांत. ते २१ एप्रिल १९६४ ला सकाळी लागलं. आदल्या रात्री बीबीसी टू चॅनेलचं थाटात उद्घाटन व्हायचं होतं, तर बॅटरसीच्या पॉवर स्टेशनमध्ये आग लागून लंडनच्या बऱ्याच भागातले दिवे गेले, त्यामुळे ह्या नव्याकोऱ्या शिष्ट चॅनेलवर पहिला धड कार्यक्रम झाला तो चिल्ल्यापिल्ल्यांचा. मला तो किस्सा भारी आवडतो. जॉय व्हिटबी ह्यांची कल्पना ती. गोल खिडकी, चौकोनी खिडकी, कमानीची खिडकी, आज कुठल्या खिडकीतून बघायचं ते मुलांनी मनात ठरवायचं, आणि प्रेझेंटर कॅमेऱ्यात बघून असे बोलायचे की समोर एकच मूल बसलंय. प्रश्न विचारला की थांबायचे. टीव्हीवर कुणी गप्प राहून वाट बघतंय असं ओवीच्या टॅबलेटवर दाखव मला.

अजून एक सांगते मग बीबीसीच्या त्या ब्लू पीटर प्रोग्रॅमवर येते. १९७३ पासून सुट्ट्यांमध्ये सकाळी एक प्रोग्रॅम लागायचा, त्याचं पूर्ण नावच असं होतं की तुम्ही टीव्ही सरळ बंद करून ह्यापेक्षा कमी कंटाळवाणं काहीतरी का करत नाही? व्हाय डोन्ट यू म्हणायचे थोडक्यात. टीव्हीवरच! पोरं पोरं मिळून खेळ, रेसिपी, उद्योग सांगायची. आज कुठल्या यूट्यूबवाल्याची हिंमत आहे की बाबा माझा व्हिडिओ बंद करा आणि बाहेर जा?

तर ब्लू पीटर. १६ ऑक्टोबर १९५८ ला सुरू झालं आणि अजून चालू आहे. पण ते घडवलं बिडी बॅक्स्टर बाईंनी, १९६५ पासून १९८८ पर्यंत एडिटर होत्या, भयंकर कडक म्हणे. त्यांनी लहानपणी मुलांच्या लेखिका इनिड ब्लायटनना पत्र लिहिलं होतं, छान उत्तर आलं, म्हणून आनंदाने परत लिहिलं तर पुन्हा तेच्या तेच उत्तर. त्या पोरीच्या मनाला ते इतकं लागलं की मोठी झाल्यावर तिने ब्लू पीटरच्या ऑफिसात कार्डांचा इंडेक्स ठेवला. कुठल्या मुलाने कधी काय लिहिलं, आपण काय उत्तर दिलं, सगळं कार्डावर, म्हणजे तेच मूल दुसऱ्यांदा लिहील तेव्हा अरे तुझा तो हॅमस्टर कसा आहे असं विचारता यावं. कॉम्प्युटर नव्हते तेव्हा, सगळं हाताने. डेटा आज पण गोळा करतातच, ओवी कुठे थांबली, कशावर क्लिक केलं सगळं कुठेतरी लिहिलं जातंय, फक्त तिला कुणी पत्र पाठवणार नाही.

आणि ते वस्तू करायला शिकवणं, भांडी घासायच्या लिक्विडच्या रिकाम्या बाटल्या, टॉयलेट रोलचे पुठ्ठे, तारेचे हँगर. जाहिरात होता कामा नये म्हणून ब्रँडचं नाव घ्यायचं नाही, फॅब्लॉन म्हणायच्या ऐवजी मागून चिकटणारं प्लास्टिक असं लांबलचक म्हणायचे आणि पुढे तीच त्यांची ओळख झाली. १९९२ च्या ख्रिसमसला थंडरबर्ड्स ह्या टीव्ही मालिकेतल्या बेटाचं खेळणं बाजारात मिळेना, आईबाप दुकानं पालथी घालतायत, तर जानेवारीत ह्यांनी अँथिया टर्नरकडून तेच घरी रद्दीतून कसं करायचं ते दाखवलं. त्याच्या कृतीच्या कागदासाठी पत्रांचा पाऊस पडला. अर्धा तास टीव्ही आणि मग दोन दिवस डिंक आणि कात्री, हा हिशोब मला पटतो.

तुझं पत्र आठवतंय? आठ वर्षांचा होतास, दिवाळीला आपण घरी आकाशकंदील केला होता, काड्या मिळेनात म्हणून बाबांनी गार्डनच्या दुकानातून बांबू आणून सोलले, आणि तू त्याची स्टेप बाय स्टेप चित्रं काढून पाठवलीस, शेपट्यांना जांभळा रंग. उत्तर आलं त्यात त्या जांभळ्या शेपट्यांचा उल्लेख होता. कुणीतरी खरंच नीट पाहिलं होतं रे. आणि सोबत निळ्या जहाजाचा तो बिल्ला. मग लंडनला गेलो तेव्हा आम्ही दोघं रांगेत उभं राहून तिकीट काढून आत आणि साहेब बिल्ला दाखवून फुकट, काय तो तोरा!

सगळं सोवळं होतं असं मी म्हणतच नाही. १९६२ मध्ये प्रोग्रॅममध्ये आणलेलं कुत्र्याचं पिल्लू एकदाच दिसलं आणि मेलं तर तसंच दुसरं गुपचूप आणून उभं केलं, मुलांना पत्ता लागू दिला नाही. २००६ ला तर फोन लाइन बिघडली म्हणून स्टुडिओ बघायला आलेल्या एका मुलीलाच स्पर्धेची विजेती म्हणून बसवलं, आणि मांजराचं नाव मुलांच्या मतांनी कुकी ठरलेलं ते बदलून सॉक्स ठेवलं. ते बाहेर आल्यावर केवढा गहजब, टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉमने त्या स्पर्धेच्या भानगडीसाठी पन्नास हजार पौंड दंड केला. एका मांजराच्या नावावरून देश चिडला ह्याचं इथे लोकांना हसू येतं, मला नाही आलं. मुलांना शब्द दिला होता ना.

आता तिथली पण हवा बदलतेय. जंक फूडच्या जाहिरातींवर २००६ मध्ये बंदी ठरली तेव्हा आयटीव्हीने मुलांचे प्रोग्रॅम करण्यातून बराचसा हात काढला, म्हणजे भार आला बीबीसीवर, आणि २०२२ मध्ये बीबीसीनेच सांगितलं की काही वर्षांनी सीबीबीसी, त्यांचं जरा मोठ्या मुलांचं चॅनेल, टीव्ही चॅनेल म्हणून राहणार नाही, सगळं ऑनलाइन. २०२५ मध्ये ब्लू पीटरचं लाइव्ह पण बंद झालं. ऑनलाइन गेलं की तिथेही पुढचा पुढचा आपोआप लागणार, मग सातला टाटा कोण करणार, मला तीच धाकधूक आहे. त्यामुळे तू लायसन्स ठेवलंस तरी तेवढ्याने काम होईल असं नाही, बीबीसीच्या आयप्लेयर अ‍ॅपवर ऑटोप्ले, म्हणजे पुढचा आपोआप लागणं, बंद करायचं बटण सेटिंगमध्ये असेल ते आधी शोध. आणि शक्य झालं तर संध्याकाळची ती गोष्ट तिच्या शेजारी बसून ऐका, दोघांपैकी एकाने तरी, फोन बाजूला ठेवून. गोष्ट संपली की टीव्ही तिलाच बंद करू दे, बाय बाय म्हणायला लाव.

बाकी इकडे ठीक. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय, घाबरायचं कारण नाही, तुम्ही धावत येऊ नका. ऋजुताला भाजणी हवी होती ती दळून आणलीये, जोशी काकू येतायत तिकडे त्यांच्याबरोबर देते. ओवीच्या फ्रॉकचं माप मात्र कळव, मागच्या वेळचं आता होणार नाही तिला.

तुझी,
आई