रेस्टॉरंट आरक्षणाचं शुल्क घेऊनही आरक्षण न केल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
दादर शाखा, मुंबई

महोदय,

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आपल्या शाखेमार्फत फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जाऊन आलो. विमान, व्हिसाची कागदपत्रं, हॉटेल याबद्दल काहीच म्हणणं नाही. तक्रार आहे ती रेस्टॉरंटच्या आरक्षणाची. त्यासाठी आपण वेगळं सेवाशुल्क घेतलंत, पावतीवर ते स्वतंत्र नोंदलेलं आहे, आणि काम मात्र केलं नाहीत.

तिथली टेबलं 60 दिवस आधी खुली होतात. डिस्नेच्या स्वतःच्या रिसॉर्ट हॉटेलात उतरणाऱ्यांना चेक-इनच्या 60 दिवस आधी पुढच्या 10 दिवसांपर्यंतची आरक्षणं एकदमच करता येतात. बाहेर राहणाऱ्यांना ही सोय नाही, त्यांच्यासाठी रोज एकेक तारीख उघडते. ही सवलत मिळेल असं आपल्याच प्रतिनिधीने सांगितलं, म्हणून आम्ही महागातलं हॉटेल घेतलं. ऑनलाइन बुकिंग तिथे सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतं. आमच्या तारखेला, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, तेव्हा मुंबईत दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. कोणाला रात्र जागवायची नव्हती. आपलं ऑफिस उघडं होतं.

तारीख, वेळ आणि हव्या असलेल्या दोन्ही जागा मी ईमेलने आधीच कळवल्या होत्या: तिथल्या सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं, जेवताना राजकन्या भेटतात ते सिंड्रेलाज रॉयल टेबल आणि एपकॉट या तिथल्याच थीम पार्कमधलं स्पेस 220 हे रेस्टॉरंट. त्या दुपारी फोन केला तर ‘होऊन जाईल मॅडम, टेन्शन घेऊ नका’ असं उत्तर मिळालं. आठवड्याने विचारलं तेव्हा कळलं, की अजून कोणी लॉगिनच केलेलं नाही. आणि मग ‘सीझन आहे, सगळं फुल आहे’ हे कारण ऐकवण्यात आलं. सीझन असतो म्हणूनच तर माणसं या कामाचे पैसे मोजतात.

त्यानंतरही वेळ गेलेली नव्हती. तिथे बहुतेक आरक्षणं दोन तास आधीपर्यंत रद्द करता येतात आणि न कळवता गैरहजर राहिलं तर माणशी 10 डॉलर कापले जातात. त्यामुळे बेत बदललेले लोक आदल्या दिवशी टेबलं सोडतात. कोणीतरी लक्ष ठेवून सारखं पाहत राहायला हवं होतं. आपल्याकडून तेवढंही झालं नाही.

माझ्या मुलीने राजकन्यांना भेटायचं म्हणून घागरा शिवून घेतला होता. तो घालून ती किल्ल्याच्या दाराशी उभी राहिली आणि आत जाणाऱ्या मुलींकडे बघत राहिली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना दुपारी निवांत बसून जेवता यावं ही माझी खरी गरज होती. ते मी फोनवर दोनदा सांगितलं होतं. त्या भर उन्हात बाकावर बसून पिशवीतला चिवडा खात होत्या. मला तक्रार नको म्हणाल्या, पण मी करणार आहे.

माझी मागणी अशी: आरक्षणाचं पूर्ण सेवाशुल्क परत करावं, आणि त्या दिवशी काम का झालं नाही याचा लेखी खुलासा द्यावा. कूपन किंवा पुढच्या सहलीवर सूट नको. पावती, ईमेल आणि फोन केल्याच्या वेळा सोबत जोडत आहे. 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली ग्राहक,
मुलुंड (पूर्व), मुंबई